पावसाळी ट्रेकचे फोटो दुधाळ येतात? धुकं दरीत आहे की काचेवर, ते आधी ठरवा

आंबोली असो, मार्लेश्वर असो, रसाळगड असो की नापण्याचा धबधबा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझ्याकडे तक्रार एकच येते: "डोळ्यांना दरी मस्त दिसत होती हो, फोटोत सगळं पांढरं आलंय." लग्नाचे फोटो काढणं हा माझा धंदा आणि पावसात लग्नं नसतात म्हणून घाटात भटकणं हा नाद. त्यामुळे गटातल्या कुणाचाही फोन बिघडला की तो आधी माझ्या हातात येतो. बहुतेक वेळा इलाज बिनपैशाचा असतो. क्वचित लेन्स उघडावी लागते, आणि ते काम ना तुमचं ना माझं.

आधी लक्षणं नीट बघा, कारण "फोटो धुरकट आला" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार असतात.

- पूर्ण फोटो दुधाळ. काळा रंग कुठेच काळा नाही, सगळा राखाडी.
- मधोमध पांढरा ढग, कडा त्यामानाने ठीक.
- दिव्याभोवती किंवा आकाशाच्या उजेडातून एकाच दिशेला ओढल्यासारख्या रेघा.
- हवेत तरंगणारे गोल पांढरे ठिपके, दर फोटोत वेगळ्या जागी.
- सकाळी गाडीतून उतरल्यावरचे फोटो वाईट, तासाभरानंतरचे आपोआप चांगले.
- आदल्या दिवशी किनाऱ्यावर फिरून झालं, दुसऱ्या दिवशी घाटात सगळे फोटो मळकट. पुसलं तरी थोड्या वेळाने पुन्हा तेच.
- पायथ्याशी ठीक, माथ्यावर धुरकट, खाली आल्यावर पुन्हा ठीक.
- फोनच्या तीन कॅमेऱ्यांपैकी एकच खराब.

आपल्या लक्षणावर मनात खूण करून ठेवा, आणि कापड हातात घेण्याआधी पुढची चाचणी करा.

काळ्या छत्रीची चाचणी

कोकणात पावसाळ्यात काळी छत्री कुणाकडे ना कुणाकडे असतेच. मिटलेली छत्री चार-पाच फुटांवर कुणाला तरी धरायला सांगा. आकाशाकडे पाठ करा आणि अर्धी चौकट छत्रीने, अर्धी दरीने भरेल असा फोटो काढा. छत्री काळीकुट्ट आणि दरी पांढरी आली, तर धुकं हवेतलं आहे, कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. छत्रीही राखाडी आली, तर दोष काचेवर किंवा काचेमागे आहे. चार फुटांच्या अंतरात मावणारं धुकं छत्रीचा काळा रंग उडवू शकत नाही, एवढंच यामागचं शास्त्र.

आकाशाकडे पाठ करायला सांगतो ते उगीच नाही. समोरून उजेड येत असला तर स्वच्छ काचेतूनही छत्री थोडी फिकी दिसते आणि चाचणी फसते. फोन असेल तर हाच फोटो प्रत्येक कॅमेऱ्याने काढा: अर्धा एक्स, एक एक्स, आणि असेल तर तीन किंवा पाच एक्स. एकच लेन्स वाईट निघाली तर शोध तिथेच अर्धा संपतो. आणि निकाल फोनच्या गॅलरीत बघा, गटात पाठवलेल्या फोटोवर नको. व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवतं, त्यात धुक्यातले बारीक फरक आधी जातात.

छत्री काळी आली तर

मग काच पुसत बसू नका. सगळ्यात आधी फ्लॅश बंद आहे ना ते बघा, "ऑटो"वर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. संध्याकाळी धुक्यात ऑटो फ्लॅश पेटतो, लेन्ससमोरच्या थेंबांवरून तो उजेड उलटा येतो आणि जागा बदलणारे ते पांढरे ठिपके उमटतात. कित्येकांना ते आत्मे वाटतात. कावळेसादसारख्या ठिकाणी, जिथे वारा धबधब्याचं पाणी उलटं वर उडवतो, तिथे तर भर दुपारीही हे होतं.

दुसरं, एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ काढायचा ते. कॅमेऱ्याचं मापन समोरचा पांढरा पट्टा राखाडी करायला बघतं, म्हणून धुकं मळकं आणि झाडं काळपट येतात. फोनवर झाडाच्या बुंध्यावर बोट टेकवून शेजारी उमटणारं सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्सपोजरची +/- पट्टी अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एकपर्यंत न्या. फोटो उजळ येईल, पण मळका येणार नाही.

तिसरं, जवळ काहीतरी घ्या. धुकं अंतर खातं, म्हणून दरीच्या पलीकडचा कडा सोडा आणि अलीकडची कारवी, शेवाळलेला खडक, इरलं घेऊन जाणारा माणूस चौकटीत आणा. झूम करू नका. झूमने धुक्याची जाडी कमी होत नाही. गर्द झाडीत, आंबोलीच्या सदाहरित रानात किंवा गावाच्या देवराईत, ओल्या पानांवरची चकाकी रंग फिके पाडते. तिथे चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर खरंच उपयोगी पडतो, पण तो एक ते दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) आणि पानांखाली उजेड आधीच कमी. मग शटर मंदावतं आणि फोटो हलतो. फिका आलेला आणि हललेला, हे दोन वेगळे रोग आहेत. कडेच्या रेषा दुहेरी दिसत असतील तर तुमचा फोटो हललेला आहे. त्यावर हात टेकवणं हाच उपाय, या लेखातलं दुसरं काहीही नाही.

हे सगळं करून दरी तशीच राहिली तर थांबा. घाटातलं धुकं दहा मिनिटांत फाटतं आणि दोन मिनिटांत पुन्हा मिटतं. कठडा ओलांडून पुढे जाऊन ते पातळ होणार नाही. आणि धबधब्याखाली उभे असताना पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, तर तिपाई तिथेच टाकून वर या.

छत्री राखाडी आली तर: खिशाला न लागणाऱ्या गोष्टी

पहिली तपासणी बोटांची. फोनची मागची काच तिरकी धरून आभाळाचा उजेड तिच्यावर पाडा. इंद्रधनुषी झाक असलेला तेलकट ठसा दिसला की कारण सापडलं. खोबरेल लावलेल्या केसांतून फिरलेलं बोट, सनस्क्रीन, वडापावचं तेल, काहीही चालतं. उजेडातून निघणाऱ्या एका दिशेच्या रेघा म्हणजे कुणीतरी बोटाने एका फटकाऱ्यात काच "साफ" केल्याची खूण. रेघ पुसण्याच्या दिशेला काटकोनात पडते. धुतलेलं, कोरडं मायक्रोफायबर कापड बाहेर खिशात नको, झिपच्या पिशवीत ठेवा. घामट टी-शर्ट वापरू नका, त्यात मीठ आणि माती दोन्ही असतात. कापड धुताना सुगंधी कंडिशनर घालू नका, त्याचा थर काचेवर उतरतो.

दुसरी तपासणी फोनवाल्यांनी मनावर घ्यावी: कॅमेऱ्यावर चिकटवलेली जादा काच. मोबाईल दुकानात स्क्रीन गार्डबरोबर ती आग्रहाने लावून देतात. तिच्या आणि मूळ काचेच्या मधल्या फटीत ओल शिरते, मग तुम्ही वरून कितीही घासा, आतला ढग तसाच. वर आणखी दोन पृष्ठभाग वाढल्यामुळे उजेड मागेपुढे आपटतो आणि काळा रंग फिका होतो. नखाने कड उचलून ती काढा, पुन्हा छत्रीचा फोटो काढा. माझ्याकडे येणाऱ्या फोनांत दुरुस्ती बऱ्याचदा इथेच संपते. दुकानदाराला वाईट वाटू द्या. मोठ्या कॅमेऱ्यावरच्या स्वस्त यूव्ही फिल्टरचंही तेच: काढून बघा.

तिसरी, वॉटरप्रूफ पाऊच. पारदर्शक पाऊचमधून फोटो काढता ना? फोन गरम होतो, आत कोंडलेली दमट हवाही तापते आणि बाहेरच्या पावसाने गार पडलेल्या प्लास्टिकला आतून पाणी धरतं. लेन्ससमोरच धरतं, कारण प्लास्टिक तिथे ताणलेलं असतं आणि आपण तोच भाग पावसात धरतो. पाऊच घरातच, कोरड्या हवेत बंद करा, आत सिलिकाची पुडी टाका. धबधब्याशेजारी उघडून पुन्हा बंद केलात की खेळ संपला.

चौथी, समोरचा उजेड. ही गोष्ट सांदणमध्ये ठळक कळते. घाटमाथ्यावरच्या साम्रदहून सांदण दरी कोकणाकडे उतरते; दोन्ही बाजूंना उभे कातळ आणि वर आभाळाची एक चिरी. ती चिरी चौकटीच्या काठाशी आली की सगळ्या फोटोवर पातळ पांढरा पडदा पसरतो. पावसात तिथे जायचंच नाही, थंडीत जायचं, पण पडद्याचा उपाय बारमाही आहे: लेन्सवर हूड (पुढे लावायची सावलीची कड) लावा, नाहीतर डाव्या हाताची सावली धरा. सावली धरताच रंग भरले तर काच निर्दोष आहे.

वाफ धरली असेल तर

इथे जरा थांबतो, कारण कोकणात निम्म्याहून जास्त रडारड याच्यामुळे असते आणि लोक नेमकं उलटं करतात.

पावसाळ्यात बाहेर 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असली, तर साधारण 26 अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी बसतं. आता विचार करा. कोकणकन्येच्या एसी डब्यात रात्रभर 22-23 अंशांत पडलेला कॅमेरा, सावंतवाडीला उतरून थेट बाहेर काढला. किंवा घाट चढताना गाडीत एसी जोरात, आणि पहिल्या धबधब्यापाशी दार उघडून फोन बाहेर. काच क्षणात पांढरी. मग माणूस पुसतो, पुन्हा पांढरी, पुन्हा पुसतो. आमच्याकडचे एक काका गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना बघून लांबूनच ओरडतात, "अरे, ह्यां धुकां नाय, काचेर वाफ धरली हा!" आणि ते बरोबर असतात.

पुसून उपयोग नाही, कारण काच गार आहे तोवर वाफ धरतच राहणार. काच हवेइतकी कोमट व्हायला हवी. फोनला पाच-दहा मिनिटं पुरतात, मोठ्या झूम लेन्सला अर्धा-पाऊण तास लागतो, कारण धातू आणि जाड काच सावकाश तापतात. त्यासाठी एसीतून निघण्याआधीच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा. ओल पिशवीच्या बाहेरच्या अंगाला बसेल, लेन्सला नाही. गाडीने जात असाल तर पोचायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडा. भिजाल थोडे, नाहीतरी भिजायलाच आला आहात.

वाफ धरलेली असताना दोन गोष्टी अजिबात करू नका. लेन्स बदलू नका, कारण तीच दमट हवा आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर जाईल. आणि झूम मागेपुढे करू नका. लांब होणारा झूम हवा आत ओढतो. बाहेरची ओल तुम्ही स्वतःच्या हाताने आत भरता.

आता ते विचित्र लक्षण: खाली ठीक, माथ्यावर धुरकट. वर चढताना तापमान दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. आंबोली सुमारे 700 मीटरवर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा चारेक अंश गार. खाली लेन्सच्या पोटात कोंडलेली दमट हवा वर पोचल्यावर निवते, आणि वाऱ्यापावसाने गार झालेल्या पुढच्या काचेला आतून पाणी धरतं. बाहेरून पुसून काही बदलत नाही, हीच त्याची ओळख. ट्रेक करताना इलाज नाही. कॅमेरा शर्टाच्या आत घेऊन थोडा कोमट केला तर तात्पुरतं सुटतं. घरी आल्यावर मात्र पुढची पायरी करायलाच हवी.

मीठ आणि ओल: थोडा खर्च, थोडा धीर

शनिवारी हर्णै किंवा गुहागर, रविवारी घाट, असा बेत हल्ली फार होतो. किनाऱ्यावरचं खारं वारं काचेवर मिठाचा न दिसणारा थर सोडतं. मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की पाणी ओढून विरघळतं. रविवारी घाटात आर्द्रता त्याहून जास्तच, म्हणून कोरडी पुसलेली काच तासाभरात पुन्हा मळते. शिवाय वाळकं मीठ कोरड्या कापडाने घासलं तर काचेवर चरे पडतात. क्रम असा: आधी रबरी ब्लोअरने फुंका, तोंडाने नको, थुंकी उडते. मग साध्या गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने हलकेच टिपा. मीठ पाण्यात विरघळतं, स्पिरिटच्या द्रवात नीट विरघळत नाही, म्हणून पाणी आधी आणि लेन्सचा द्रव नंतर. द्रव कापडावर घ्या, काचेवर थेट कधीच नको; तो कडेने आत उतरतो.

आतली ओल काढायला हवाबंद प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेल. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांचं पोट भरलं. ओव्हनमध्ये 120 अंशांच्या आसपास दोन-तीन तास ठेवले की पुन्हा निळे होतात, पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं, तेव्हा जेवणाच्या भांड्यात किंवा मुलांच्या हाताशी नको. लेन्स दोन दिवस अशा डब्यात राहू द्या. चामड्याच्या जुन्या पिशवीत किंवा कपाटात कपड्यांमागे ठेवलेली लेन्स कोकणात जूनमध्ये जाते आणि गणपतीत बुरशी घेऊन बाहेर येते.

तांदळाच्या डब्यात फोन पुरू नका. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पिठूळ कण मात्र चार्जिंगच्या भोकात घालतो. हेअर ड्रायर नको, गरम हवेने लेन्समधलं वंगण आणि फोनचा डिंक सैल होतो. चुलीशेजारीही नको, ओल जाईल न जाईल, धुराचा थर नक्की बसेल.

इथे थांबा, जाणकाराकडे न्या

लेन्स कॅमेऱ्यातून काढा, अंधाऱ्या खोलीत मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती 60-65 टक्क्यांच्या वरच्या आर्द्रतेत वाढते आणि काचेवरचं कोटिंग खाते. लेन्स उन्हात ठेवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. उन्हाने बुरशी मेली तरी तिचे तंतू तिथेच राहतात, आणि तापलेलं वंगण लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर उतरण्याचा धोका वेगळा. उघडून पुसण्याचे व्हिडिओ बघून स्क्रू काढू नका. आतल्या काचा केसभर सरकल्या तरी एका बाजूचा फोटो कायमचा मऊ येतो.

पुढच्या कुठल्याही बाबतीतही स्वतः काही करायचं नाही:

सिलिकात दोन दिवस ठेवूनही आतला ढग गेला नाही. कॅमेरा चालू असताना पाण्यात पडला. समुद्राच्या पाण्यात पडला असेल तर त्याच दिवशी न्या, मीठ सर्किट खातं. बॅटरी काढा आणि "चालतोय का बघू" म्हणून पुन्हा चालू करू नका. फोनच्या लेन्सच्या काचेखाली थेंब दिसतात, किंवा चार्जिंग लावताच ओलीचा इशारा येतो. फोनची मागची बाजू फुगली आहे. मग चार्जरला हातही लावू नका. एफ/16 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करून, कोऱ्या आभाळाचा फोटो काढला आणि त्याच जागी डाग येतात, ब्लोअरनेही जात नाहीत: ते सेन्सरवर आहेत, तिथे कापड न्यायचं नाही.

आयपी 68 हा पाणी-धूळरोधक दर्जा लिहिलेल्या फोनवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, की ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात झालेली असते. दोन वर्षं वापरलेला, एकदा पडलेला, एकदा स्क्रीन बदललेला फोन तोच राहत नाही. आणि पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक वॉरंटीत बसत नाही, तेव्हा काउंटरवर वाद घालण्याआधी कागद वाचा.

दुरुस्तीला देताना अंदाजपत्रक आधी मागा आणि दोन प्रश्न विचारा: बुरशी कोटिंगपर्यंत गेली आहे का, आणि साफ केल्यावर काचा पुन्हा मध्यावर आणून तपासून देणार का? पहिल्याचं उत्तर "हो" असेल तर डाग गेला तरी उजेडासमोरचा फिकेपणा थोडा राहतोच. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी 18-55 लेन्स असेल तर साफसफाईचा खर्च आणि जुन्या बाजारातली तिची किंमत शेजारी मांडून बघा. बऱ्याचदा दुसरी लेन्स घेणंच परवडतं. महाग लेन्स मात्र मुंबई-पुण्याला किंवा कोल्हापूरला ज्याच्याकडे लेन्स उघडून जोडायची साधनं आहेत त्याच्याकडेच द्या. पार्सलने पाठवत असाल तर दोन्ही टोकांना झाकणं, आत सिलिकाची ताजी पुडी, वर झिपची पिशवी, आणि चिठ्ठीवर लक्षण, ते पहिल्यांदा कधी दिसलं ते, आणि कॅमेरा खाऱ्या पाण्याजवळ गेला होता की नाही ते स्पष्ट लिहा.